बटाट्याचं नवं वाण कुठून येतं?

पुणे जिल्ह्यातल्या मंचर-खेड पट्ट्यात बटाटा लावायचा म्हणजे बटाट्याचंच बेणं लावायचं. डोळे असलेल्या फोडीतून उगवलेलं झाड मूळ झाडाचीच हुबेहूब प्रत असते. त्यामुळे वाण शुद्ध राहतं, पण नवं काही निपजत नाही. नव्या वाणासाठी फुलाकडेच वळावं लागतं.

बटाट्याला फुलं येतात, त्यामागून हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरतात. (ती विषारी असतात, चुकूनही खाऊ नयेत.) चांगल्या फुलोऱ्याला मोठा दिवस आणि थंड हवा लागते. सुमारे २,५०० मीटर उंचीवरच्या कुफरीला, सिमल्याजवळ, दोन्ही मिळतं. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे संकर तिथे होतात, म्हणूनच तिच्या वाणांच्या नावात ‘कुफरी’ असतं.

संकर करताना कळीतले पुंकेसर आधीच खुडतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. फळ पिकलं की बी काढतात. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात, एकूण ४८. त्यांची सरमिसळ इतकी होते की एकाच फळातल्या दोन बियांची झाडंही सारखी निघत नाहीत. हजारो रोपं वाढवायची आणि त्यातली बहुतेक काढून टाकायची, हेच खरं काम. वेडावाकडा आकार, तडा, खोल डोळे दिसले की रोप बाद. उरलेल्यांचं बेणं वाढवत उत्पन्न, करपा रोगाला तोंड देण्याची ताकद, साठवण तपासतात. वेफर्ससाठीच्या वाणात साखर कमी हवी, नाहीतर तळताना काप काळपट होतात. १९९८ साली आलेलं ‘कुफरी चिपसोना-१’ याच कसोटीवर निवडलेलं. सगळं मिळून दहा-बारा वर्षं सहज जातात.

एवढं करूनही करपा हार मानत नाही. १९६८ची ‘कुफरी ज्योती’ आली तेव्हा करप्याला दाद देत नव्हती. पुढे रोगजंतू बदलले आणि तिची प्रतिकारशक्ती उणी पडली.

आपल्याकडे तर खरिपात, भर पावसात बटाटा घेतात. ओल्या हवेत करपा झपाट्याने पसरतो, आणि रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं की बटाटे नीट पोसत नाहीत. २००६चं ‘कुफरी सूर्या’ अशा उष्णतेसाठीच निवडलेलं. म्हणून देशभरच्या चाचण्यांमध्ये पुण्याचं केंद्र असणं मला फार मोलाचं वाटतं. पंजाबातल्या हिवाळी पिकाचं उत्पन्न आपल्या सातगाव पठारावरच्या पावसाळ्यात मिळेलच असं नाही. नवं बेणं घेताना उत्पन्नाच्या आधी हे विचारा: आपल्या भागात, खरिपात, या वाणाची चाचणी झाली आहे का?