हप्ता कुठून धरायचा?

आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. कापसाच्या दिवसांत वेचणी शुक्रवारी सुरू होते आणि बुधवारी संध्याकाळी शेवटचं गाठोडं काट्यावर चढतं. गुरुवारी सकाळी हप्त्याचा, म्हणजे आठवड्याचा, चुकारा होतो. त्याच पैशातून बाया तेल, मीठ, मिरची, पोरांचं काहीबाही घेतात. त्या दिवशी वेचणी बंद. रविवार शेतात इतर दिवसांसारखाच असतो.

२ जानेवारी २०२५ हा असाच एक बाजाराचा दिवस. वहिनीला वहीतल्या बेरजा करायला नकोत म्हणून मी मोबाइलवर स्प्रेडशीट करून दिली होती आणि तो तिचा पहिला हिशेब होता. एका बाईच्या नावापुढे ‘या हप्त्याचं वजन’ म्हणून एकाच दिवसाचा आकडा आला. “भाऊ, माह्ये पाच दिवस कुठी गेले?” त्या बाईनं विचारलं. वही होती म्हणून चुकारा बरोबर झाला. पण तिचा अख्खा बाजार त्या आकड्यावर होता, आणि चूक माझ्या सूत्रात होती.

ती शोधताना कळलं की सॉफ्टवेअरला आठवडा म्हणजे काय हे कुणीतरी सांगावं लागतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस होतो, चंद्राच्या कलांवरून महिना ठरतो, सूर्याभोवतीच्या फेरीवरून वर्ष. सात दिवसांच्या चक्राला मात्र आकाशातली कुठलीच फेरी आधाराला नाही.

वारांचा क्रम आला तो गणितातून. जुन्या ज्योतिषात मंद गतीकडून शीघ्र गतीकडे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी रांग लावत आणि दिवसाच्या २४ होरा, म्हणजे तास, या रांगेला क्रमानं वाटत. पहिल्या होरेचा ग्रह तोच त्या दिवसाचा स्वामी. २४ ला ७ नं भागलं की बाकी ३ उरते, म्हणून दुसऱ्या दिवशीचा स्वामी रांगेत तीन घरं पुढचा. शनीपासून तीन घरं पुढे रवी, तिथून तीन पुढे चंद्र, मग मंगळ. बोटं धरून मोजून पाहा, सातही वार ओळीनं येतात. आर्यभटानं ‘आर्यभटीया’च्या कालक्रियापादात हाच नियम ‘शीघ्रक्रमानं चौथा’ असा सांगितलाय. चौथा, कारण जिथून मोजायला लागतो ते घरही त्यात धरलंय. आपल्या ‘आठवडा’ शब्दात आठ आहेत तेही असेच: या बाजारापासून त्या बाजारापर्यंत, दोन्ही बाजार धरून.

भारतात वाराचा उल्लेख असलेला एक जुना कोरीव लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर आहे. गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४ चा, आणि त्यातला वार गुरुवार. गुरुवारच्या बाजारात वाढलेल्या मला हे वाचून फार आनंद झाला.

पण हे चक्र आहे, आणि चक्राला सुरुवात नसते. ती माणसं ठरवतात. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात सोमवार पहिला. इजिप्त आणि इराणमध्ये कॅलेंडर शनिवारी उघडतं, मालदीवमध्ये शुक्रवारी. देशोदेशीच्या अशा रीती संगणकावरच्या लिपींची मानकं ठरवणाऱ्या युनिकोड कन्सॉर्शियमच्या सीएलडीआर नावाच्या माहितीसाठ्यात नोंदलेल्या असतात आणि पुष्कळ सॉफ्टवेअर तिथूनच उत्तर घेतं. भारतापुढे तिथं रविवार लिहिलाय, आणि साप्ताहिक सुट्टीही एकट्या रविवारची. त्या सुट्टीमागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा लढा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये मिळाली. देशासाठी एकच उत्तर द्यायचं तर रविवार ठीकच आहे. आमच्या धुऱ्यावर मात्र ते लागू पडत नाही.

माझ्या स्प्रेडशीटचं सूत्र आठवड्याला क्रमांक देत होतं. त्याचा आठवडा रविवारी सुरू होणारा, आणि १ जानेवारी ज्यात येईल तो आठवडा पहिला. त्यामुळे २७ आणि २८ डिसेंबर बावन्नाव्या आठवड्यात गेले, २९ ते ३१ त्रेपन्नाव्यात आणि १ जानेवारी पहिल्यात. एका चुकाऱ्याचे तीन तुकडे. आयएसओची पद्धत लावली असती तरी दोन झालेच असते. तिथं वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा, म्हणून ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोजला जातो. सूत्राला गुरुवारपासून मोजायलाही सांगता येतं, पण १ जानेवारीला ते पुन्हा एकपासूनच सुरू होतं. वर्ष म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, लीप वर्षात दोन. ही शिल्लक कुठंतरी डोकं वर काढणारच. आणि वेचणी नेमकी नव्या वर्षाच्या आधीपासून नंतरपर्यंत चालते.

म्हणून मी क्रमांक काढूनच टाकले. आता प्रत्येक नोंदीपुढे तिचा हप्ता ज्या गुरुवारी सुरू झाला त्याची तारीख येते. रविवारला ० धरलं तर गुरुवार ४. नोंदीच्या वारातून ४ वजा करायचे, ७ मिळवायचे, ७ नं भागून बाकी घ्यायची आणि तितके दिवस मागं जायचं. ३१ डिसेंबरला मंगळवार होता: २ वजा ४ अधिक ७, म्हणजे ५. पाच दिवस मागं २६ डिसेंबर, गुरुवार. १ जानेवारीच्या बुधवारचे ६ येतात, आणि मागं गेलं की तोच २६ डिसेंबर. मधले ७ विसरू नयेत. काही संगणकी भाषा ऋण संख्येची बाकीही ऋणच देतात आणि तारीख मागं जायच्या ऐवजी पुढं पळते.

कॅलेंडरच्या पानावर पहिला रकाना कुठल्या वाराचा, हा डोळ्यांच्या सवयीचा प्रश्न आहे. हिशेब कुठून धरायचा हा वेगळा. बऱ्याच ॲपमध्ये दोन्हींना एकच उत्तर असतं, ते बदलायला हवं. हिशेबाचा वार वापरणाऱ्याला विचारून घ्यावा.

वहिनीच्या बहिणीच्या गावी बाजार सोमवारचा. तिनं हीच शीट मागून घेतली आणि सगळ्यात वरच्या चौकटीतल्या ४ च्या जागी १ लिहिला.