ऑनर्स कार्यक्रम : द्विवर्षीय महाविद्यालयांतील (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कम्युनिटी कॉलेजांमध्ये, म्हणजे द्विवर्षीय महाविद्यालयांमध्ये, निवडक विद्यार्थ्यांसाठी चालणारा अधिक सखोल अध्ययनाचा कार्यक्रम. ही महाविद्यालये साधारणतः ६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असोसिएट ही दोन वर्षांची पदवी देतात आणि तेथून विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजांशी किंवा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या ऑनर्स पदवीशी या कार्यक्रमाचा संबंध नाही.

उगमाबद्दल मतभेद आहेत. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज (१९०१) हे सर्वांत जुने सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालय मानले जाते. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची प्रेरणा होती. पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेर शिकवता येतील, ही ती कल्पना. अमेरिकन ऑनर्स शिक्षणाचे श्रेय बहुधा फ्रँक आयडेलॉट यांना दिले जाते. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेल्या आयडेलॉटांनी स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष असताना १९२२ मध्ये लहान चर्चावर्ग आणि बाह्य परीक्षक असलेली ऑनर्स पद्धत सुरू केली. काही अभ्यासक द्विवर्षीय महाविद्यालयांतील कार्यक्रमांची परंपरा थेट तेथवर नेतात. मात्र स्वार्थमोरची पद्धत पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी होती आणि नेमकी तीच वर्षे द्विवर्षीय महाविद्यालयांत नसतात. त्यामुळे या कार्यक्रमांचे मूळ १९५० च्या दशकातील एका समितीच्या कामात पाहणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कोलोरॅडो विद्यापीठातील जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने १९५७ च्या सुमारास गुणवान विद्यार्थ्यांविषयीची ही आंतरविद्यापीठीय समिती स्थापन झाली. गुणवान विद्यार्थी लवकर हेरावेत आणि त्यांचे ऑनर्स अध्ययन पहिल्याच वर्षी सुरू करावे, असा तिचा आग्रह होता. हा विचार दोन वर्षांच्या चौकटीत बसणारा होता. समिती १९६५ मध्ये संपली आणि १९६६ मध्ये नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही ऑनर्स शिक्षणाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. द्विवर्षीय महाविद्यालयांतील व्यापक प्रसार त्यानंतरचा, बहुधा १९७० आणि १९८० च्या दशकांतला आहे. फाय थीटा कप्पा (१९१८) ही संस्था याहून जुनी असली, तरी ती द्विवर्षीय महाविद्यालयांतील गुणवंतांची मानद संघटना आहे. तिचे सदस्यत्व म्हणजे ऑनर्स कार्यक्रमातील प्रवेश नव्हे.

प्रवेशाचे नियम प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते. कम्युनिटी कॉलेज सामान्यतः सर्वांना खुले असते, म्हणून निवड होते ती आत आल्यावर, या कार्यक्रमाच्या दाराशी. शाळेतून आलेल्यांकडून ४ पैकी साधारणतः ३ ते ३.५ गुणसरासरी, एक निबंध आणि क्वचित शिक्षकाचे शिफारसपत्र मागतात. दुसरा मार्ग आधीच शिकत असलेल्यांसाठी असतो : महाविद्यालयातील काही श्रेयांक, अनेक ठिकाणी १२ ते १५, चांगल्या गुणांनी पूर्ण केले की अर्ज करता येतो. शाळेत मागे पडलेल्या किंवा अनेक वर्षांनी शिक्षणाकडे परतलेल्या माणसाला येथे जुनी गुणपत्रिका आड येत नाही. या कार्यक्रमाचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य हेच मानावे लागेल.

प्रवेशानंतर ऑनर्सचे श्रेयांक दोन प्रकारे मिळतात. एकात केवळ ऑनर्स विद्यार्थ्यांचा लहान वर्ग असतो आणि त्यात मूळ ग्रंथांचे वाचन, चर्चा व संशोधनलेखन यांवर भर असतो. दुसरा प्रकार कराराचा : विद्यार्थी नेहमीच्याच वर्गात बसतो आणि प्राध्यापकाशी लेखी करार करून जादा प्रकल्प करतो. लहान महाविद्यालयांना करार परवडतो, पण त्याचा दर्जा प्राध्यापकाच्या सवडीवर अवलंबून राहतो आणि सहाध्यायींच्या सहवासाचा लाभ त्यात मिळत नाही. शक्य तेथे स्वतंत्र वर्ग निवडणे हितकर. पूर्ण केलेले ऑनर्स विषय गुणपत्रकावर वेगळे दर्शवले जातात.

पुढील विद्यापीठात जाण्याची संधी हे अनेकांच्या प्रवेशामागचे कारण असते. कॅलिफोर्नियात १९६० च्या उच्चशिक्षण आराखड्याने द्विवर्षीय महाविद्यालये सर्वांसाठी खुली ठेवून तेथून विद्यापीठात जाण्याची वाट राज्याच्या धोरणात बसवली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅममध्ये सहभागी महाविद्यालयाचा ऑनर्स कार्यक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याचा तेथील कला व विज्ञान शाखांसाठी प्राधान्याने विचार होतो. ही प्रवेशाची हमी नव्हे. म्हणून इच्छित विषयाच्या पूर्वअटी आणि ऑनर्स विषय यांचा मेळ पहिल्याच सत्रात समुपदेशकाबरोबर घालावा लागतो.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये मांडले, की द्विवर्षीय महाविद्यालये अनेकांच्या उच्चशिक्षणाच्या आकांक्षा हळूहळू शमवतात. ऑनर्सचे समर्थक या कार्यक्रमाला त्यावरचे उत्तर मानतात. खुल्या संस्थेत असा निवडक गट विषमता आणतो, हा विरोधी आक्षेप आहे. तो सर्वस्वी निराधार नाही, कारण नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्यांना ठरावीक वेळेचे चर्चावर्ग गाठणे अवघड जाते. काही महाविद्यालये अशांसाठी सायंकाळचे किंवा ऑनलाइन ऑनर्स वर्ग घेतात, तर काही ठिकाणी गुणसरासरी थोडी कमी असली तरी शिक्षकाच्या शिफारशीवर तात्पुरता प्रवेश दिला जातो.