गुळावर पोसलेली चिलटं आणि माणसाचा कंपवात

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या आसपास चुलवाणं पेटू लागतात. गुळव्याचं लक्ष काहिलीतल्या पाकाकडं असतं आणि तिकडं आंबलेल्या रसावर चिलटांनी ठाण मांडलेलं असतं. आपण हात झटकून त्यांना हाकलतो. यांच्याच जातभाईंनी, म्हणजे ड्रोसोफिला या फळमाशीनं, जीवशास्त्राला नोबेल पारितोषिकं मिळवून दिली आहेत. १९३३ सालचं अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गन यांचं नोबेल याच माशीवरच्या कामाचं. गंमत म्हणजे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात या माश्या केळं आणि गूळ घालून शिजवलेल्या खाद्यावर पोसतात. तो गूळ कोल्हापुरी असतो का, हे विचारायचा मोह मला आवरत नाही!

पण माणसाचा आजार माशीत बघायचा कसा? माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं माशीत सापडतात. शिवाय अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस पुरतात, आणि दोन-अडीच महिन्यांत तिचं म्हातारपणही उरकतं. म्हातारपणी जडणाऱ्या आजारांसाठी ही घाई फार सोयीची.

कंपवाताचंच, म्हणजे पार्किन्सनचंच बघा. या आजारात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि पेशींत अल्फा-सायन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. माशीत हे प्रथिन मुळात नाहीच. म्हणून २००० साली अमेरिकेत फीनी आणि बेंडर यांनी त्याचं माणसातलं जनुकच माशीत घातलं. माशीच्या मेंदूत तशाच गुठळ्या झाल्या, डोपामिनच्या पेशी मेल्या. चाचणी तर इतकी साधी की शाळेतल्या पोरालाही जमावी: काचेच्या नळीत माश्या ठेवायच्या, नळी टेबलावर आपटायची, सगळ्या तळाला पडतात. निरोगी माशी लगेच सरसर वर चढते. म्हातारपणी सगळ्याच माश्या चढताना रेंगाळतात, पण या माश्या ऐन उमेदीतच तळाशी घुटमळू लागल्या. पुढं त्यांना लेव्होडोपा दिल्यावर चढणं सुधारलं. लेव्होडोपा म्हणजे कंपवाताच्या रुग्णांना आजही देतात ते औषध; आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत ते निसर्गतःच असतं.

पण म्हणून माशीला छोटा माणूस समजायचं नाही. तिला एकच नेमका प्रश्न विचारायचा: हे प्रथिन साठलं तर पेशी मरते का? त्याचं उत्तर ती चोख देते. पण माणसात हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ होतं, पुढं अक्षर बारीक होत जातं. यातलं माशी काय सांगणार? मग उंदरांकडं वळावं लागतं, आणि उंदरांत पेशी वाचवणारी कितीतरी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत फसली आहेत.