रास्टराइज केल्याने क्वालिटी लगेच जाते का?

"शेप किंवा टेक्स्टचा लेअर रास्टराइज केला की त्याच क्षणी क्वालिटी खराब होते, कधीच करू नका." फोटोशॉपबद्दल हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि पूर्ण खोटं नाहीये म्हणूनच पटतं. रास्टराइज करणं म्हणजे लेअर पिक्सेलमध्ये, म्हणजे रंगाच्या छोट्या चौकोनांमध्ये, बदलणं.

फोटोशॉपमध्ये व्हेक्टर लेअर (शेप किंवा टेक्स्टचा) असला तरी स्क्रीनवर तुम्हाला तो डॉक्युमेंटच्या पिक्सेलमध्येच दिसत असतो. म्हणजे फाईल 1000 पिक्सेल रुंद असेल तर रास्टराइज करायच्या आधीही कडा त्याच 1000 पिक्सेलच्या चौकटीत काढलेली असते. 800 टक्के झूम करा, कडेचे चौकोन बघून ठेवा, मग रास्टराइज करा आणि अनडू-रीडू करत बघत रहा. चौकोन हलत नाहीत.

मग जातं काय? आकाराचं गणित. व्हेक्टरमध्ये बिंदू आणि वक्ररेषा साठवलेल्या असतात त्यामुळे साईज बदलली की कडा नव्याने काढली जाते, पिक्सेलमध्ये ती सोय नाही. हेही करून बघा, लेअरची कॉपी काढा, एकच कॉपी रास्टराइज करा, दोन्ही 10 टक्क्यांवर आणून एंटर मारा आणि मग परत मोठ्या करा. रास्टराइज केलेली धूसर होणार, दुसरी जशीच्या तशी. अक्षरं एडिट करणंही बंद होतं, तो वेगळा ताप.

जेपेग किंवा पीएनजी एक्स्पोर्ट करताना तर सगळंच पिक्सेल होतं. प्रिंटसाठी पीडीएफ देताना मात्र व्हेक्टर तसाच ठेवलेला बरा, तिथे प्रिंटर स्वतःच्या रिझोल्यूशनला कडा काढू शकतो.