लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा: आमदार बोलले, पण सरकार बोललं का?

अधिवेशन सुरू झालं की दोन-तीन दिवसांत गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ येतो. आमदारसाहेब सभागृहात उभे, हातात कागद, आवाज चढलेला, आणि खाली ठळक अक्षरांत ‘तालुक्याच्या प्रश्नावर लक्षवेधी’. पुष्कळदा ती लक्षवेधी नसतेच, औचित्याचा मुद्दा असतो; सभागृहात विषय मांडायचे हे दोन वेगळे मार्ग. दोन्हींत आमदार ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून सुरुवात करतात आणि विषय मतदारसंघाचाच असतो, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळत नाही. त्यात बातमीत ‘औचित्याच्या मुद्द्याद्वारे लक्ष वेधले’ असं सर्रास छापून येतं. वाचणारा ‘लक्ष वेधले’ वाचतो आणि लक्षवेधी समजून मोकळा होतो. हा घोळ मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि त्यात नुकसान आपलं होतं.

तारांकित प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. तो अधिवेशनाच्या बराच आधी लेखी द्यायचा. ‘हे खरे आहे काय’ अशी त्याची सुरुवात, ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी छापील उत्तरं, आणि त्यावर उपप्रश्न. पण अधिवेशन चालू असताना एखादी गोष्ट घडली किंवा चिघळली, तर ती त्या आधीच ठरलेल्या यादीत कशी बसणार? तिथे ही दोन आयुधं कामाला येतात.

लक्षवेधी सूचना विधानसभेत नियम १०५ खाली येते, विधान परिषदेत नियम १०१ खाली. आमदार लेखी सूचना देतो आणि अध्यक्षांनी ती स्वीकारली तर त्या दिवसाच्या कामकाजपत्रिकेत तिला जागा मिळते. छापलेलं वाक्य ठरलेलं असतं: अमुक सदस्य ‘पुढील तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे’ अमुक मंत्र्यांचे ‘लक्ष वेधतील’. म्हणजे विषय कोणता, मांडणार कोण आणि उत्तर कोणत्या खात्यानं द्यायचं, हे तिघंही कागदावर बांधलेले. हा प्रकार आपल्याकडचा आहे, ब्रिटिश संसदेकडून घेतलेला नाही. १९५४ पासून तो लोकसभेत आहे.

औचित्याचा मुद्दा त्या मानानं सुटसुटीत. सूचना द्यायची, परवानगी मिळाली की उभं राहायचं, मिनिट-दोन मिनिटांत विषय सांगायचा आणि बसायचं.

आता खरी मेख. लक्षवेधीत आमदार बसल्यावर मंत्र्याला उठावं लागतं. खात्याचं लेखी निवेदन असतं, त्यावर सदस्य प्रश्न विचारतात, आणि मंत्र्याला तिथल्या तिथे तोंड द्यावं लागतं. औचित्याच्या मुद्द्यात आमदार बसला की बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो. फार तर ‘शासनाने याची नोंद घ्यावी’ असं अध्यक्षांच्या आसनावरून सांगितलं जातं. एखादा मंत्री स्वतःहून उत्तर देतोही, पण त्याच वेळी उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही.

‘मंत्री काय, काहीतरी बोलून वेळ मारून नेतात’ असं यावर बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत पद भरू’ असं म्हणाला की ते आश्वासन ठरतं. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, तिचं कामच अशी आश्वासनं पाळली गेली का ते बघण्याचं. आमदार कितीही पोटतिडकीनं बोलला तरी त्याच्या भाषणातून आश्वासन तयार होत नाही. ते सरकारच्या तोंडूनच यावं लागतं. सरकार बोललंच नाही, तर पुढे पाठपुरावा करायचा कशाचा?

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नव्हता. सिझेरियन म्हटलं की बाईला गाडीत घालून जिल्ह्याला न्यायचं. आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विषय काढला, व्हिडिओ आला, आम्ही सगळ्यांनी तो पुढे पाठवला, आणि आता डॉक्टर येणार म्हणून वर्षभर वाट पाहिली. शेवटी मी त्या दिवसाचं कार्यवृत्त, म्हणजे सभागृहात कोण काय बोललं त्याची छापील नोंद, उघडलं. वर ‘औचित्याचा मुद्दा’ असं शीर्षक, खाली आमदारांच्या नऊ ओळी, आणि दहाव्या ओळीत थेट पुढच्या सदस्याचं नाव, विषय भलत्याच जिल्ह्यातल्या कालव्याचा. मंत्र्यांचा एक शब्दही नव्हता.

लक्षवेधी लागली म्हणजे जिंकलं, असंही समजू नका. मंत्री हजर नसले किंवा उत्तरानं समाधान झालं नाही, तर ती राखून ठेवतात आणि नंतर घेतात. हेही तिच्या बाजूचंच लक्षण आहे, कारण मुळात उत्तर देणं भाग असेल तरच ती राखून ठेवता येते. वाईट गत होते ती अधिवेशनाच्या शेवटी. विधेयकं, पुरवणी मागण्या, चर्चा यांची गर्दी होते, सकाळी लवकर खास बैठका घेऊनही लक्षवेधी उरतात आणि मग निवेदनं नुसती पटलावर ठेवली जातात. उत्तर छापील मिळतं, उलटून विचारायची संधी जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात लागलेली एक लक्षवेधी मला शेवटच्या दिवसाच्या चार लक्षवेधींपेक्षा मोलाची वाटते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. लक्षवेधीवर बऱ्याचदा अनेक आमदारांची नावं असतात, औचित्याचा मुद्दा सहसा एकट्याचा असतो. वेळही कमी-जास्त. पण हरकतीचा मुद्दा यात मिसळू नका, त्याचा रस्त्याशी, पाण्याशी, डॉक्टरशी काही संबंध नाही. सभागृहात त्या क्षणी चाललेलं काम नियमांना धरून आहे का, एवढीच हरकत त्यात घेता येते आणि निर्णय अध्यक्ष देतात. ‘खड्ड्यांबाबत हरकतीचा मुद्दा’ ही बातमी म्हणून चूकच. आणि ‘विधानसभेचे सभापती’ हेही कृपा करून थांबवा: विधानसभेला अध्यक्ष असतात, सभापती विधान परिषदेला.

औचित्याच्या मुद्द्याला मी कमी लेखत नाही. रात्री घाटात बस कोसळली, पहाटे गारपीट झाली, तर सकाळी सभागृहाच्या कानावर घालायला त्याच्याइतकं जवळचं आयुध नाही. २८८ जणांच्या विधानसभेत प्रत्येकाची लक्षवेधी लागणंही शक्य नसतं, तेव्हा ज्याची सूचना स्वीकारली गेली नाही तो आमदार औचित्यातून विषय निदान नोंदीवर आणतो. तेही कामच आहे. पण पाच वर्षं रिकामं असलेलं पद, दहा वर्षं रखडलेला पूल हे विषय औचित्यात काढून ‘आवाज उठवला’ म्हणणं मला पटत नाही. तिथे लक्षवेधीच हवी, नाही लागली तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा द्यायला हवी.

भूलतज्ज्ञाच्या बाबतीत आम्ही तेच केलं. पुढच्या अधिवेशनाआधी आठ-दहा जण आमदारांकडे गेलो आणि ‘साहेब, या वेळी लक्षवेधीच द्या’ एवढं एकच मागितलं. त्यांनी दिली, ती लागली. मंत्र्यांच्या निवेदनात पद रिक्त असल्याचं कबूल केलेलं होतं. आमदारांनी उठून तारीख विचारली, मंत्र्यांनी मुदत सांगितली. ती मुदत टळली तेव्हा आम्ही अर्ज केला आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत कार्यवृत्तातला दिनांक आणि मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. आधीच्या वर्षी त्या ओळीत लिहायला आमच्याकडे काहीच नव्हतं.