जुन्या मोटारगाड्यांच्या स्पर्धांतील परीक्षण

हौशी मोटार-क्लबांच्या प्रदर्शनांत मांडलेल्या गाड्यांना गुण किंवा क्रम देण्याची रीत. मोटारींची शर्यत घड्याळ निकाली काढते. प्रदर्शनात गाडी उभी असते आणि निकाल माणसे देतात. त्यामुळे परीक्षकांचा निःपक्षपातीपणा, गुणांची मोजपट्टी आणि मैदानावर कोणत्या गाडीला जागा मिळते हे तीन प्रश्न या रीतीला पहिल्यापासून चिकटलेले आहेत. वाद सहसा पहिल्यावरच होतात, पण बहुतेक अन्याय दुसऱ्या आणि तिसऱ्यातून घडतात.

संज्ञा व प्रारंभ : या स्पर्धांच्या उच्चभ्रू प्रकाराला ‘काँकूर देलेगाँस’ (सौष्ठवाची स्पर्धा) असे फ्रेंच नाव आहे. इंग्रजी वळणाने ‘कॉन्कोर्स’ असाही उच्चार कानी पडतो. तो रेल्वे स्थानकातल्या दालनाला शोभतो, स्पर्धेला नव्हे.

या प्रथेचे मूळ सतराव्या शतकातील पॅरिसमध्ये असल्याचे बहुतेक लोकप्रिय वर्णनांत सांगितले जाते. सरदार-दरकदार सुटीच्या दिवशी आपल्या घोडागाड्या उद्यानांतून मिरवत, त्यातून स्पर्धा उगवली, असे हे मत. त्याला आधार अगदीच नाही असे नाही. राणी मारी द मेदिचीने १६१६ मध्ये सेन नदीकाठी ‘कूर-ला-रेन’ हा वृक्षराजीचा रस्ता खास गाड्यांतून फेरफटका मारण्यासाठी आखून घेतला, आणि तेथे लोक गाड्या बघायला व दाखवायला येत. परंतु फेरफटक्याला परीक्षक नसतात आणि बक्षीसही नसते. मिरवणे आणि स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून दुसरीपर्यंत अखंड परंपरा दाखवणे अवघड जाते.

दुसरे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुष्पोत्सवांकडे बोट दाखवते. नीस येथे १८७६ पासून फुलांनी मढवलेल्या गाड्यांचा उत्सव भरू लागला. सजवलेल्या गाडीकडे कलाकृती म्हणून पाहण्याची सवय अशा उत्सवांनी लावली, एवढे मान्य करता येते.

तिसरे मत व्यापारी आहे व तेच अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या महायुद्धानंतर महागड्या मोटारींचे कारखाने पुष्कळदा केवळ चासी (गाडीची खालची चौकट) आणि इंजिन विकत. वरचा सांगाडा गिऱ्हाइकाच्या फर्माईशीनुसार स्वतंत्र कोचबिल्डर घडवीत. या कारागिरांना आपले काम धनिकांच्या नजरेला पाडायचे होते. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समधील विश्रामस्थळी आणि १९२९ पासून इटलीत कोमो सरोवराकाठच्या व्हिला देस्ते येथे भरलेल्या स्पर्धांत गाड्या नव्याकोऱ्या असत आणि शेजारी गाडीच्या रंगाला साजेसा पोशाख केलेली स्त्री उभी असे. गुण या सगळ्या देखाव्याला मिळत. स्त्रीचा स्पर्धेतील प्रवेश असा गाडीचा दागिना म्हणून झाला. मालक किंवा परीक्षक म्हणून तिला स्थान मिळायला पुढे बराच काळ जावा लागला.

नव्या गाड्यांची ही स्पर्धा जुन्या गाड्यांची केव्हा झाली, याला नेमकी तारीख देता येत नाही. सोयीसाठी कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या स्पर्धेची दोन वर्षे घेतात. १९५० मध्ये मोटारशर्यतीला जोडून तेथे पहिली स्पर्धा भरली तेव्हा सर्वोत्कृष्ट ठरली ती एडवर्ड्स आर-२६ ही नवी स्पोर्ट्स गाडी. १९५५ मध्ये मान मिळाला १९३१ च्या पीअर्स-ॲरो गाडीला. तिचा मालक फिल हिल पुढे १९६१ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. तोवर सांगाडा व चासी एकसंध बनवण्याची पद्धत रुळत चालली होती आणि कोचबिल्डरांचा धंदा ओसरला होता. दाखवायला नवे उरले नाही, म्हणून जुने पुढे आले.

मोजपट्टीचे प्रकार : ढोबळमानाने दोन. फ्रेंच म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत परीक्षक गाडीची रेषा, प्रमाण, इतिहास आणि एकूण छाप पाहून मत देतात. बोल्ट मोजत बसत नाहीत. अमेरिकी क्लबांची पद्धत वजावटीची आहे. गाडी पूर्ण गुण घेऊन मैदानात येते आणि दोष सापडेल तसे गुण कापले जातात.

वजावटीच्या पद्धतीचा ठळक नमुना म्हणजे १९३५ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका. येथे पूर्ण गुण ४०० असून बाह्यांग, अंतर्भाग, इंजिन आणि चासी असे विभाग केलेले असतात. गाडीची तुलना शेजारच्या गाडीशी होत नाही. विक्रेत्याने ग्राहकाच्या हवाली करताना ती जशी असू शकली असती, त्या स्थितीशी तिला ताडून पाहतात. ठरावीक गुणरेषा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला पारितोषिक मिळू शकते, त्यामुळे एकाच्या जिंकण्याने दुसरा हरत नाही. शाळेतल्या भाषेत सांगायचे तर येथे पहिला नंबर नसतो, पहिला वर्ग असतो. वैमनस्य टाळण्याचा हा सर्वांत साधा उपाय असूनही मोठ्या स्पर्धांनी तो उचलला नाही. त्यांना छायाचित्रासाठी एकच विजेता लागतो.

याच विचाराचे टोक १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने गाठले (कॉर्व्हेट ही शेवरलेची स्पोर्ट्स गाडी). तिच्या गुणपत्रकात ४,५१० गुण आहेत आणि सर्वोच्च श्रेणीसाठी त्यांतील ९४ टक्के लागतात. प्रत्येक भागाला अस्सलपणाचे आणि स्थितीचे असे वेगवेगळे गुण. परीक्षक वाकून बोल्टच्या माथ्यावरची खूण वाचतात, नळीच्या पट्टीचा प्रकार पाहतात, काचेवरचा तारखेचा संकेत गाडीच्या बांधणीच्या तारखेशी जुळतो का ते तपासतात. कारखान्यातल्या कामगाराने तपासणी झाल्याची म्हणून चासीवर ओढलेली खडूची रेघसुद्धा जीर्णोद्धार करणारे पुन्हा काढतात. त्या काळच्या लॅकर रंगाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत असे. आजच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने तो आरशासारखा गुळगुळीत करून दिला, तर गुण जातात. मालकाने जास्त पैसे मोजून कमी गुण विकत घेतले, असा हा प्रकार.

परीक्षकांमधील सैल-कडक हाताचा फरक मिटवण्याची एक साधी तोड या सोसायटीच्या पद्धतीत आहे. एक जोडी सर्व गाड्यांचा एकच विभाग तपासते. अंतर्भागाची जोडी खडूस असली तर सगळ्यांसाठीच खडूस असते. वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळे परीक्षक लावले की हा समतोल ढळतो.

पेबल बीच येथे दोन्ही पद्धतींची सांगड आहे. गाड्या प्रकारांनुसार वर्गांत मांडलेल्या असतात. वर्गाचे परीक्षक अस्सलपणा पाहतात, मानद परीक्षक सौष्ठव पाहतात आणि सर्वोत्कृष्ट गाडी मतदानाने ठरते. १९९८ पासून स्पर्धेआधी गाड्यांची रस्त्यावरून फेरी काढली जाते. वर्गात बरोबरी झाली तर फेरी पुरी केलेल्या गाडीला झुकते माप मिळते. ट्रेलरवरून येऊन ट्रेलरवरूनच परतणाऱ्या गाड्यांना हा सौम्य टोमणा आहे.

अस्सलपणाचा पेच : गाडी एकदाच अस्सल असते, एकदा खरवडून पुन्हा रंगवली की ती उत्तम प्रतिकृतीच्या दिशेने एक पाऊल सरकते. वजावटीची पद्धत मात्र दीर्घकाळ नव्या रंगाला गुण आणि जुन्या ओरखड्याला दंड देत आली. ज्याच्यापाशी जीर्णोद्धाराला पैसा नव्हता आणि म्हणून ज्याची गाडी आजोबांच्या वेळच्या रंगानिशी टिकली, तो याच कारणाने मागे राही. उपाय म्हणून अनेक क्लबांनी जतन केलेल्या, अस्पर्शित गाड्यांसाठी वेगळे वर्ग काढले. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने (फिव्हा, स्थापना १९६६) २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनदही जतनाला जीर्णोद्धारापेक्षा वरचे स्थान देते. मैदानावर हे पटायला आणखी बारा वर्षे लागली. २०२४ मध्ये पेबल बीचला बुगाटी टाइप ५९ ही १९३४ ची गाडी सर्वोत्कृष्ट ठरली. जतन वर्गातील गाडीला तेथे हा मान प्रथमच मिळाला.

परीक्षक : परीक्षकाला गाडीचे ज्ञान हवे, आणि ज्ञान असलेली माणसे बहुधा त्याच व्यवसायातली असतात : जीर्णोद्धार करणारे, दलाल, लिलावगृहांचे सल्लागार, संग्राहक. पारितोषिकाने गाडीची किंमत वाढते, त्यामुळे हा गुंता निव्वळ नैतिक राहत नाही. स्वतःचे काम, स्वतःची जुनी गाडी किंवा अशिलाची गाडी वर्गात असेल तर परीक्षकाने त्या वर्गातून बाजूला व्हावे, हा संकेत आता सर्वमान्य आहे. लहान क्लबांत तो पाळणे कठीण जाते. तेथे त्या गाडीची माहिती असणारे दोनच जण असतात, आणि दुसऱ्याची गाडी मैदानावर उभी असते.

परीक्षकांनी गाडीला हात लावायचा नाही. बॉनेट, डिकी, दारे मालकाने उघडून दाखवायची, दिवे, हॉर्न, वायपर त्यानेच चालवून दाखवायचे, हा शिष्टाचार. काही क्लब गुणपत्रक मालकाला देतात, काही देत नाहीत. न देण्याचे कारण वाद टाळणे असे सांगितले जाते. ते तितकेसे पटत नाही. कापलेला गुण कोठे गेला हे कळले नाही, तर मालकाला पुढच्या वर्षीसाठी दुरुस्त करण्याजोगे काही उरत नाही.

प्रेक्षकांच्या मताला स्वतंत्र जागा देणे हा दुसरा मार्ग. व्हिला देस्ते येथे ‘कोप्पा दोरो’ हा चषक उपस्थितांच्या मतदानाने आणि सर्वोत्कृष्टाचा करंडक परीक्षक मंडळाच्या निर्णयाने दिला जातो. दोन्ही निकाल वेगळे लागले तरी कोणाला चूक म्हणावे लागत नाही.

प्रवेश व वर्गवारी : कोणती गाडी बघण्याजोगी हे गुणपत्रकाच्या आधी निवड समिती ठरवते. क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका (१९५२) ‘पूर्ण क्लासिक’ म्हणून जी यादी मानतो तीत दोन युद्धांच्या आगेमागे बनलेल्या महागड्या गाड्याच येतात. सामान्य कुटुंबाची फोर्ड तीत बसत नाही. हॉट रॉड, म्हणजे पोरांनी गॅरेजात कापून-जोडून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या, १९५० पासून ओकलंडच्या रोडस्टर प्रदर्शनात मानाने उभ्या राहत होत्या. पेबल बीचच्या हिरवळीवर त्यांना वर्ग मिळाला तो १९९७ मध्ये. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांनी घडवलेल्या, जमिनीलगत बसणाऱ्या लोरायडर गाड्यांची वाट आणखी लांबची. लॉस एंजेलिसच्या इंपीरियल्स क्लबमधील ‘जिप्सी रोझ’ ही गुलाबांनी रंगवलेली १९६४ ची इंपाला २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर राष्ट्रीय वारसा म्हणून मांडली गेली. कारखान्याच्या मापाने तिचा एकही इंच अस्सल नाही. तिच्यासाठी माप बदलावे लागते, आणि नवा वर्ग काढणे म्हणजे नेमके तेच.

थट्टेचाही एक प्रवाह आहे. २००९ पासून पेबल बीचजवळच्या माँटरे परिसरात भिकार गाड्यांची ‘काँकूर द लेमन्स’ भरू लागली (इंग्रजी बोलीत ‘लेमन’ म्हणजे भिकार गाडी). इंग्लंडमध्ये २०१४ पासून एका विमा कंपनीच्या पुढाकाराने अगदी सर्वसाधारण गाड्यांचा उत्सव होतो. तेथे मूळ सीट-कापडासह टिकलेली चार दारांची कौटुंबिक गाडी बक्षीस घेऊन जाते.

भारतात : द स्टेट्समन या दैनिकाची दिल्लीतील रॅली १९६४ पासूनची. मुंबईत २००८ मध्ये एका फ्रेंच जवाहिऱ्याने आंतरराष्ट्रीय धर्तीची काँकूर भरवली. पुढे ती हैदराबाद, जयपूर येथेही झाली. संस्थानिकांच्या गाड्यांनी भारताचे नाव परदेशातही पोचवले. २०१८ मध्ये पेबल बीच येथे त्यांच्यासाठी वेगळा वर्ग होता.

पण अमेरिकी गुणपत्रक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. सुटे भाग मिळत नसल्याने मालकांनी लेथवर भाग घडवून घेतले, अँबॅसिडरचा गिअरबॉक्स बसवला, पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिन टाकले. गाडी जिवंत राहिली ती या जुगाडामुळे, आणि गुण कापले जातात तेही त्याचमुळे. संस्थानी गाड्यांची अडचण उलटी असते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराणे ज्या मेबॅकमधून दसरा चौकात येते, तशी फर्माईशी गाडी कारखान्याच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट त्यांत आहे. अशा रीतीने क्लबांचा अंतर्गत वाद कायद्याच्या व्याख्येत शिरला.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आता प्रदर्शनाची गाडी झाली आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेबाहेर गेली. जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डाव्या बाजूला बाहेर यांत्रिक मीटर असे. तो काढल्यावर पत्र्यात भोके राहतात. कारखान्याच्या मापाने ती भोके म्हणजे वजावट. जतन वर्गात तीच भोके गाडीचा पुरावा ठरतात, आणि बुजवली तर तेथे गुण जातात.