माजी सैनिकांची टोलमाफी (सोलापूर)

महामार्गावरील पथकर आणि शहरातील गर्दी-शुल्क यांतून माजी सैनिकांना मिळणारी किंवा मागितली जाणारी सूट. गर्दी-शुल्क म्हणजे शहराच्या गजबजलेल्या भागात ठरावीक वेळेत शिरणाऱ्या वाहनावरचा कर. सिंगापूरने तो 1975 मध्ये, लंडनने 17 फेब्रुवारी 2003 रोजी आणि न्यूयॉर्कने 5 जानेवारी 2025 रोजी सुरू केला. भारतात कोणत्याही शहरात तो नाही. त्यामुळे सोलापूरकर माजी सैनिकाची गाठ पडते ती महामार्गावरच्या नाक्यांशी. तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडी लागते आणि पुण्याच्या वाटेवर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी व पाटस हे चार नाके लागतात.

नाक्यावरची बहुतेक वादावादी एका गैरसमजातून होते. 1901 च्या टोल (भूसेना व हवाई दल) अधिनियमाची माफी कामगिरीवर असलेल्या, सेवेतील जवानांसाठी आहे. निवृत्तांना ती लागू नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र, डिस्चार्ज बुक किंवा कॅन्टीन कार्ड दाखवून टोल माफ होत नाही. खिडकीवरच्या पोराशी हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण माफी देणे त्याच्या हातात नसते.

राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, 2008 मधील नियम 11 मात्र शौर्यपदक विजेत्यांना पूर्ण माफी देतो. त्यात परमवीर, महावीर, वीर, अशोक, कीर्ती आणि शौर्य ही सहा चक्रे येतात. सेना पदक त्या यादीत नाही. विजेत्याकडे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले छायाचित्रासह ओळखपत्र लागते. पण नुसत्या ओळखपत्रावर आता भागत नाही. काचेवर साधा फास्टॅग असेल, तर गाडी छताखाली येताच वरचा रीडर तो वाचतो आणि कोणी कार्ड पाहण्याआधीच पैसे कापले जातात. म्हणून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज करून शून्य शुल्काचा, म्हणजे सूटप्राप्त फास्टॅग घ्यावा. तो गाडीच्या क्रमांकाला जोडलेला असतो, माणसाला नव्हे. आरसी मुलाच्या नावावर असेल तर अर्ज अडतो, आणि गाडी विकली की टॅग बंद करून नव्या गाडीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. चुकून पैसे कापले गेल्यास पावतीचा संदेश जपून ठेवावा आणि 1033 या क्रमांकावर व टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवावी.

युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकासाठी वेगळी वाट आहे. अपंग व्यक्तीसाठी खास रचना केलेल्या वाहनाला याच नियमाने माफी मिळते. त्यासाठी तशी नोंद आरसीत असणे महत्त्वाचे. गाडीत हाताने चालवायचा ब्रेक बसवला, पण आरटीओत नोंद केली नाही, अशा गाडीचा अर्ज टिकत नाही.

बाकीच्यांना खरा आधार राष्ट्रीय महामार्गांवरच्या फास्टॅग वार्षिक पासचा. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी कार, जीप व व्हॅनसाठी 3,000 रुपयांत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल तोवर हा पास चालतो. ही किंमत 2025-26 ची होती. पुण्याच्या वाटेवर प्रत्येक नाका ओलांडणे ही एक फेरी. उपचारासाठी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला जाऊन परत येणाऱ्याचे आठ नाके होतात; म्हणजे एका पासात अशा 25 खेपा बसतात आणि 2025-26 च्या किमतीत नाक्यामागे 15 रुपये पडत. टॅग केवळ चॅसिस क्रमांकावर नोंदलेला असेल तर पास मिळत नाही; आधी गाडीचा नंबर चढवून घ्यावा लागतो. राज्य महामार्गांवर हा पास चालत नाही.

शहरातील गर्दी-शुल्काचा हेतू निराळा असतो. ते रस्त्याचा खर्च वसूल करण्यासाठी नसून गाड्या कमी करण्यासाठी असते, त्यामुळे प्रत्येक नवी सूट त्याच्या मुळावर येते. लंडनमध्ये सैन्याच्या कामातील वाहनांना माफी आहे. अपंगत्वाचा ब्लू बॅज असलेल्याला दोन वाहनांपर्यंत नोंदवून पूर्ण सवलत घेता येते. हाच रस्ता अधिक न्याय्य दिसतो. सोलापुरात नवी पेठ आणि टिळक चौकाच्या गर्दीवर उद्या असे शुल्क आले, तर सरसकट सर्व माजी सैनिकांच्या गाड्या सोडण्यापेक्षा युद्धात जखमी झालेल्यांना आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकच्या फेऱ्यांना सूट द्यावी. नोंदणी आधी झालेली असावी, कारण कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, ओळखपत्र वाचत नाही. गाडी मुलाची किंवा भाड्याची असली तरी सूट सैनिकाला मिळावी, म्हणून माणसाच्या नावाने नोंद ठेवून गाडीचा नंबर बदलण्याची सोय हवी.

वीरपत्नींचा मुद्दा महामार्गाच्या नियमातही सुटलेला नाही. नियम 11 ची शब्दरचना खुद्द विजेत्याने ओळखपत्र दाखवण्याची आहे. मरणोत्तर पदक मिळालेल्याच्या घरी ते दाखवणारा माणूसच नसतो. ही दुरुस्ती व्हायलाच हवी, आणि ती केंद्र सरकारच्या अधिसूचनेनेच होऊ शकते.